घट्ट चिकटणारं औषध

छातीतल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यावर काखेत पुन्हा गाठ लागली, म्हणून कोल्हापूरच्या दवाखान्यात औषध टोचून मोठ्या मशीनवर फोटो काढायचा होता; रोग असेल तिथं उजळतं म्हणे. आदल्या दिवसापासून अंगमेहनतीचं काम करू नका, असं सांगितलेलं. मी धुणं राहू दिलं, झाडलोट राहू दिली. पहाटे म्हशीची धार मात्र काढली. ती दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही, आणि धार काढणं हे काम आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

फोटोत माझे दोन्ही हात खांद्यापर्यंत उजळले होते. मला वाटलं, रोग सगळीकडं पसरला.

"मावशी, सकाळी जड काम केलंत का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

शेजारी बसलेले आमचे मालक म्हणाले, "काम न्हाय केलं. म्हशीची धार तेवढी काढली की."

बाई हसल्या. "म्हशीनं फोटो बिघडवला म्हणायचं!"

मग त्यांनी समजावलं. राबलेले हात हे पहिलं औषध ओढून घेतात, त्या उजेडात काखेतलं कळत नाही. आता दुसरं औषध टोचू. त्यातूनही किरण निघतात, पण ते रोगाची जागा शोधून तिथंच घट्ट चिकटतं.

मालकांना धीर आला. माझा उरलेला गेला. पहिल्या फोटोत म्हशीचं नाव तरी घेता येत होतं. आता उजेड दिसेल तिथं रोगच असणार.

दुसऱ्या खेपेला मालकांनी माझं लुगडं अंगावर घेऊन धार काढली. वासाला म्हैस फसली. इकडं दवाखान्यात सुई टोचल्यावर मी एकटी पडून होते. औषध आता कुठं फिरत असेल, याचाच विचार. मनात म्हणत होते, चिकटू नको बाबा कुठं. घरी आले तर गरोदर लेक, बाईंनी सांगितल्याप्रमाणं, माझ्या अंगातल्या किरणांपासून लांब उंबऱ्यापाशी उभी. "आई, जेवलीस का?" तिनं तिथूनच विचारलं. मी मान हलवली आणि आणखी लांब सरकले.

फोटो आला. हात विझलेले. काखेत एकच ठिपका, लखलखीत.

"बाकी कुठं नाही, मावशी. हे काढता येईल."

मी पहिल्यांदाच विचारलं, "फुडं आनखी कुठं उजळलं तर?"

"तेव्हा बघू," बाई म्हणाल्या. या वेळी हसल्या नाहीत.

गाठ काढली. धार आता मालकच काढतात, माझं लुगडं पांघरून. बादलीत दूध वाजायला लागलं की माझा हात आपोआप काखेत जातो, चाचपत राहतो.