मीठ घातलेला बर्फ

धाकट्या भावाची अमेरिकेतली नोकरी गेली आणि तिच्यासोबत विमाही गेला. तिथं दोन्ही एकाच दावणीला बांधलेली असतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्याला लहानपणापासून साखरेचा आजार. इन्सुलिनच्या चिठ्ठीची मुदत संपलेली, नवी चिठ्ठी डॉक्टरला दाखवल्याशिवाय मिळेना, आणि विम्याशिवाय डॉक्टरला दाखवणं त्याला झेपेना. तो निम्मा डोस घेऊन दिवस काढत होता.

"फौजेत साध्या शिपायाला बी औषध फुकट," आबा म्हणाले. आबा म्हणजे माझे वडील, निवृत्त हवालदार. "आन ह्यो एवढा इंजिनेर! कसला देश म्हणायचा ह्यो?"

गल्लीतली एक सून पहाटेच्या गाडीनं मुंबईला आणि तिथून विमानानं भावाच्याच गावी निघाली होती. मी कराडहून इन्सुलिनची पेनं मागवली, आबांकडे दिली आणि गार राहतील असं ठेवा म्हणून सांगितलं. आबांचा हात पोरवयात जत्रेत पॉट आइस्क्रीम फिरवून बसलेला. त्यांनी थर्मासात बर्फ भरला, वर मूठभर खडेमीठ टाकलं आणि पेनं त्यात रोवली.

उंब्रजला हायवेवर गाडीची वाट बघताना मी झाकण उघडलं. पेनं दगडासारखी गोठलेली.

"आबा, मीठ कशाला घातलं?"

"आगं, मिठाशिवाय बर्फ टिकतोय व्हय? इतक्या लांब जायचंय."

"इन्सुलिन गोठलं की वाया जातं."

"वितळंल की परत. देऊन टाक."

"वितळलं तरी उपयोग नाही. त्याच्या भरवशावर राहिला तर मरेल तो."

पहाटे औषधाचं एकही दुकान उघडं नव्हतं. गाडी थांबायला तयार नव्हती. ती सून भावासाठी दिलेला चटणीचा डबा तेवढा घेऊन गेली.

मी तिथूनच भावाला फोन लावला आणि झालं ते सांगितलं.

"आबांना बोलू नकोस, आक्का," तो म्हणाला. "मी जेवणच कमी केलंय. आहे ते पुरवतो."

"जेवण बंद केलं तरी इन्सुलिन लागतं, ठाऊक आहे ना? परत ये."

"इथलं घर विकल्याशिवाय कसं येऊ? पुढं कोण येणार असेल तर बघ."

दिवाळीपर्यंत तिकडं जाणारं ओळखीचं कुणीच नव्हतं. तेही मी त्याला सांगून टाकलं.