वाक्य तुटलं की चालायचं

मास्टरजींना झटका आला त्या दिवसापासून सात महिने मी एक खोटं सांगत होतो. हॉस्पिटलात सांगितलं, संस्थेतल्या शोकसभेत उभं राहून सांगितलं, घरी बायकोलाही सांगितलं. "काही कळलंच नाही, सगळं अचानक झालं." मला कळलं होतं. चार मिनिटं आधी कळलं होतं. पण ते सांगायचं तर आधी मास्टरजी कोण होते हे सांगायला हवं.

मास्टरजी तुमच्याशी बोलताना तुमच्याकडे बघत नसत. मान जराशी वळवून डावा कान पुढे करत. नवख्या माणसाला वाटे, यांना कमी ऐकू येतं, आणि तो ओरडून बोलू लागे. मग ते हात वर करून म्हणत, "आहिस्ता, आहिस्ता. सब आ रहा है."

लखनौतल्या आमच्या संशोधन संस्थेत ते काचकाम करत. प्रयोगशाळेला लागणारी काचेची उपकरणं घडवायची, फुटलेली सांधायची. ज्यांनी रसायनशास्त्रात थोडे दिवस घालवलेत त्यांनी असा माणूस पाहिला असेल. निळ्या ज्योतीसमोर बसलेला, तोंडात रबरी नळी, दोन्ही हातांत सारखी फिरणारी तापलेली काच. मास्टरजी दुरुस्त झालेल्या फ्लास्कवर नखाने टिचकी मारत, कान लावत आणि कधी कधी परत ठेवून देत. "इसमें बाल है." बाल म्हणजे केसाएवढी चीर. आम्हाला ती भिंगातूनही दिसत नसे. हट्टाने नेलेला फ्लास्क मात्र दोन दिवसांत बरोबर तिथेच तडकत असे.

मी मूळचा बार्शीचा. लखनौत येऊन बावीस वर्षं झाली. घर अलीगंजला. मुलीशी मराठीत बोललो की ती हिंदीत उत्तर देते. पीएच.डी.मुळे इथे सगळे 'डॉक्टर साहब' म्हणतात, आणि गेटवरचा गार्ड अजूनही मला गुडघ्याचं औषध विचारतो.

एका सप्टेंबरात मी फुटलेला काचेचा कंडेन्सर घेऊन मास्टरजींच्या वर्कशॉपात गेलो. वर्कशॉप दुसऱ्या मजल्यावर. दारात पोहोचलो आणि काय काम आहे ते सांगायला तोंड उघडलं, तर शब्दच येईना. त्यांनी ज्योत बारीक केली, स्टूल पुढे सरकवलं.

"पहले साँस ले लीजिए. काम कहीं भागा नहीं जा रहा."

श्वास परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगून टाकलं. रक्तातली साखर वाढली होती, रक्तदाबही. खऱ्या डॉक्टरांनी चालायला, जमलं तर पळायला सांगितलं होतं. मी नवे बूट आणि मनगटावरचं घड्याळ घेतलं होतं. चार दिवस पळून पाहिलं, दर वेळी दोन मिनिटांत बरगडीखाली कळ येऊन खाली बसलो होतो.

"माझी छातीच लहान असेल," मी म्हणालो.

मास्टरजी हसले. "छाती का क्या क़ुसूर? आप भागते ही ऐसे होंगे जैसे पीछे कुत्ता पड़ा हो."

ते स्वतः तीस वर्षं रोज सकाळी पळत होते, हे मला तेव्हा कळलं. संस्थेत कोणालाच माहीत नव्हतं. ते निशातगंजला राहत. तिथून सायकलने आमच्या कॉलनीच्या बागेत यायला ते तयार झाले. मी संकोचून नको म्हणालो, तेव्हा म्हणाले, "सुबह मुझे कौन सी फूँक मारनी है."

पहिल्या सकाळी त्यांनी मला घड्याळ खिशात ठेवायला लावलं. मग ते इतके हळू पळू लागले की त्याला पळणं म्हणायची मला लाज वाटली. चपला घालून फिरायला आलेल्या बायका आम्हाला मागे टाकून गेल्या. त्यातली एक वळून म्हणाली, "भाई साहब, तबीयत तो ठीक है?"

"बोलिए," मास्टरजी मला म्हणाले.

"काय बोलू?"

"कुछ भी. पूरे-पूरे जुमले. जुमला टूटा, तो चलिए. जुड़ गया, तो फिर दौड़िए."

हीच त्यांची सगळी पद्धत. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर. शब्द मधेच अडकला की चालायचं, लाज न बाळगता, आणि वाक्य पुन्हा सलग येईपर्यंत चालत राहायचं. मी हिंदीत बोलू लागलो, पण हिंदी मला अजूनही जुळवून बोलावी लागते. ते दोन दिवसांत त्यांच्या कानाने पकडलं. "आप अपनी मराठी में बोलिए. मुझे समझना थोड़े ही है, सुनना है."

तेव्हापासून मी रोज सकाळी, शब्दही न कळणाऱ्या माणसाशी मराठीत बोलत पळू लागलो. ते माझ्या अर्धं पाऊल मागे, उजव्या बाजूला, डावा कान माझ्याकडे. मधून मधून 'हूँ' म्हणत. मी थांबलो की म्हणत, "बोलते रहिए." सुरुवातीला मी काल काय जेवलो ते सांगे. मग प्रयोगशाळेतली भांडणं. मग, का कोण जाणे, आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलू लागलो. कॉन्फरन्स संपवून निघू म्हणून मी दोन दिवस उशिरा निघालो होतो, हे मी बायकोलाही नीट सांगितलं नव्हतं. त्या दिवशी पळणं झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "आज आपकी साँस बहुत नीचे से आई. अच्छा है."

एकदा मला म्हणाले, "ये 'म्हणजे' क्या होता है? आप हर बार 'म्हणजे' पर साँस चुराते हैं."

बाकीच्या गोष्टी त्यांनी एकेक करून दिल्या. खांदे कानाकडे चढू द्यायचे नाहीत. दात आवळायचे नाहीत. मूठ अशी ठेवायची की तीत काचेची पातळ नळी आहे. तोंड मिटून नाकानेच श्वास घ्यायचा हट्ट मी शाळेतल्या कवायतीपासून बाळगला होता. तो त्यांनी सोडवला. "नाक भी आपकी, मुँह भी आपका. दोनों से लीजिए." पण त्यांचा खरा भर श्वास सोडण्यावर होता. मी घाबरून हवा ओढत राही आणि आतली पुरती बाहेर टाकत नसे, त्यामुळेच छाती भरल्यासारखी होई. "छोड़ना सीखिए. लेना ख़ुद आ जाएगा." त्यांनी माझा हात स्वतःच्या पोटावर ठेवून दाखवलं. काचेत फुंकर घालताना ते पोट जसं आत जाई तसंच संथ आत गेलं आणि आपोआप बाहेर आलं.

थंडीत धूर आणि धुकं उतरलं तेव्हा त्यांनी बाहेर पळायची बंदी घातली. त्या दिवसांत आम्ही वर्कशॉपच्या जिन्यावर चढउतार करायचो, बोलत बोलत. संस्थेतली माणसं बघत. मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

फेब्रुवारीत मी वीस मिनिटं न थांबता पळालो. वाक्य कुठे तुटलं नाही. त्या दिवशी मला जे वाटलं ते पीएच.डी. मिळाली तेव्हाही वाटलं नव्हतं. आणि तिथेच मी चुकलो. घड्याळ खिशातून पुन्हा मनगटावर आलं. मला अर्धा तास हवा होता. सलग, एकदाही न चालता. मास्टरजी म्हणाले, "हो जाएगा, जल्दी क्या है." मी दिवस ठरवून टाकला. होळीनंतरचा रविवार.

त्या रविवारी ते दहा मिनिटं उशिरा आले. असं कधी झालं नव्हतं. चेहरा जरा उतरलेला वाटला. मी विचारलं का? नाही विचारलं. म्हणालो, "चला मास्टरजी, आज तीस."

मी छान पळत होतो. मुलीच्या बारावीबद्दल बोलत होतो. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. त्यांचा 'हूँ' येत होता, पण मधली अंतरं वाढत होती. सव्विसाव्या मिनिटाला मला मागून त्यांचा श्वास ऐकू आला. पाच-सहा महिने त्यांच्या शेजारी पळालो, तो श्वास मला कधी ऐकू आला नव्हता. आखूड, वरच्या वर घेतलेला. मग ते म्हणाले, "डॉक्टर साहब, ज़रा... रुक..."

वाक्य तुटलं होतं.

त्या वेळी जगात ज्या एका माणसाला त्याचा अर्थ ठाऊक होता, तो मी होतो. मी घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं उरली होती. मी आवाज चढवला. मुलीच्या बारावीबद्दल जोरजोरात मराठीत बोलू लागलो, मागचं काही ऐकू येऊ नये म्हणून. मला कळत होतं मी काय करतोय. मनात म्हटलं, थकले असतील, वय झालं, चालत येतील मागून.

तीस मिनिटं पूर्ण झाली आणि मी दोन्ही हात वर करून वळलो. मास्टरजी पार मागे, वळणाजवळच्या कठड्यावर बसले होते. त्याच चपलावाल्या बायका त्यांच्याभोवती उभ्या होत्या. एकीने त्यांना ओढणीने वारा घालायला सुरुवात केली होती.

हृदयविकाराचा झटका होता. तिसऱ्या दिवशी ते गेले. चार मिनिटांनी किती फरक पडला असता, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

त्यांच्या पत्नीला मी भाभीजी म्हणतो. निशातगंजला, कापडाच्या दुकानावर, अरुंद जिना चढून दोन खोल्या. मुलगी लग्न होऊन पुण्याला असते, म्हणून मी मराठी आहे याचं भाभीजींना फार कौतुक. मी दर महिन्याला जात राहिलो. दर वेळी त्या चहा करत, माझ्यासमोर बसत आणि तीच गोष्ट सांगत.

"उस रोज़ उठते ही बोले, आज जी नहीं है, घबराहट सी है. मैंने कहा, डॉक्टर साहब खड़े इंतज़ार कर रहे होंगे, अच्छा नहीं लगता. मैंने ही जूते सामने रखे."

मी म्हणे, "नहीं भाभीजी, आपकी क्या ग़लती. सब अचानक हुआ. किसी को पता ही नहीं चला."

मला वाटे, मी त्यांचं सांत्वन करतोय. सहा-सात वेळा केलं असेल. घरी परतताना थोडं हलकंही वाटे, हे सांगायला शरम वाटते.

ऑक्टोबरात गेलो तेव्हा त्या खूप वाळल्या होत्या. मुलगी पुण्याला बोलावत होती, त्या जायला तयार नव्हत्या. मी कारण विचारलं. म्हणाल्या, "वो मुझसे पूछेगी, अम्मा, पापा ने कुछ बताया नहीं था? क्या कहूँगी?" मग चहाचा कप खाली ठेवून माझ्याकडे सरळ बघत म्हणाल्या, "आप पढ़े-लिखे आदमी हैं. सच बताइए. आप कहते हैं, रास्ते भर कोई निशानी नहीं थी. तो जो थी, वो बस मेरे सामने थी ना? मैं रोक लेती, तो बच जाते?"

तेव्हा मला लख्ख दिसलं. माझं 'अचानक' त्यांचं सांत्वन करत नव्हतं. बागेतली खूण मी पुसून टाकली होती, त्यामुळे घरातली तेवढी एकच खूण उरली होती, आणि तिच्यासमोर ही बाई सात महिने एकटी बसून होती.

मी बोलायला सुरुवात केली. हिंदी जुळवत, चुकत बोललो. घड्याळाचं सांगितलं, सव्विसाव्या मिनिटाचं सांगितलं, आवाज चढवल्याचं सांगितलं. भाभीजी पदर तोंडाशी धरून ऐकत राहिल्या. खाली दुकानात कोणीतरी कापडाचा भाव करत होतं.

मी खुर्चीवरून उतरून त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो.

"आपके सामने उन्होंने सिर्फ़ इतना कहा था कि जी नहीं है. मुझसे उन्होंने रुकने को कहा था, भाभीजी. मैंने सुना था, और मैं नहीं रुका. फिर सात महीने मैंने ये बोझ आपके सिर पर रहने दिया. बेटी पूछे, तो मेरा नाम बताइएगा. मुझे माफ़ कर दीजिए."