श्रीकांतचं विमान कोण उडवतंय?

श्रीकांत गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "कोण बोलतंय?" आणि मग, "तुम्हाला कोणी सांगितलं?" फोन त्याच्या सोसायटीच्या सेक्रेटरीचा होता. सकाळी दूध आणायला खाली उतरला आणि लिफ्टपाशी कोसळला, एवढंच त्या बिचाऱ्याला सांगता आलं. नाहूरहून मुलुंडला रिक्षाने जाताना माझी मनातल्या मनात उलटतपासणी चालूच होती. लिफ्टपाशी कसा? हा दुसऱ्या मजल्यावर राहणारा, जिन्यानेच जायचा. तिथे पोहोचल्यावर वॉचमन म्हणाला, लिफ्टचा आवाज वेगळा येतोय म्हणून साहेब दाराला कान लावून उभे होते. ते मात्र लगेच पटलं. आणि पटलं तेव्हाच मला तो गेला हे कळलं, असं म्हणायला हरकत नाही. मग मी तिथल्याच बाकावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.

माझी सगळी नोकरी गाड्यांच्या अपघातांचे विम्याचे दावे तपासण्यात गेली. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरूनच दिवसाची सुरुवात व्हायची. निवृत्त झालो तरी ती सवय सुटली नाही. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत मी कोणालाच सोडत नाही. घरचे मला शंकासुर म्हणतात. एक श्रीकांत तेवढा या स्वभावाचं कौतुक करायचा. तो मरोळच्या एका कारखान्यात मशिन्सच्या दुरुस्तीवर होता. बंद पडलेलं मशिन म्हणजे त्याच्यासाठी सण. आमची शाळेपासूनची दोस्ती, पण ती पक्की झाली ती निवृत्तीनंतर, त्याच्या मागच्या खोलीत.

त्या खोलीत त्याने विमान उभं केलं होतं. म्हणजे कॉम्प्युटर, ओळीने तीन पडदे, एक स्टिअरिंग, पायाखाली पेडलं, इंजिनाचे दांडे आणि भंगारवाल्याकडून आणलेली गाडीची सीट. मूळ सिम्युलेटरबरोबर, म्हणजे विमान उडवण्याच्या त्या कॉम्प्युटरवरच्या खेळाबरोबर, येणारी विमानं त्याला खेळण्यातली वाटायची. तो वेगळी, बाहेरच्या कंपन्यांनी बनवलेली प्रवासी विमानं आणून त्यात जोडायचा. ॲड-ऑन म्हणतात त्यांना. कॉकपिटमधलं प्रत्येक बटण खरंखुरं चालतं आणि म्हणूनच प्रत्येक बटण रुसतं. आज इंजिन चालू होत नाही, उद्या नकाशा दिसत नाही, परवा विमान धावपट्टीवर उभ्या उभ्या थरथरतंय. असं काही झालं की श्रीकांतचा फोन यायचा. "रव्या, ये. मस्त बिघडलंय." मी जायचो. चहा घेत आम्ही दोघं गुन्हेगार शोधायचो. त्याची पद्धत ठरलेली होती. जोडलेलं सगळं काढायचं, नुसतं विमान चालवून बघायचं, मग एकेक गोष्ट परत घालत जायची. मी घाई करून दोन-तीन गोष्टी एकदम घातल्या की तो माझा हात धरायचा. "सगळ्यांवर संशय घे रे, पण एका वेळी एकावरच."

दोष सापडला की तो लहान मुलासारखा हसायचा, आणि मग चक्क उठायचा. मी म्हणायचो, "आता उडव की." तो म्हणायचा, "उडेल रे, आता काय बघायचंय त्यात." आणि दुपारच्या झोपेची वेळ झाली असं सांगून मला वाटेला लावायचा. तरी त्याचं विमान उडायचं हे मला पक्कं ठाऊक होतं. जगभरचे हौशी लोक आपापल्या घरी बसून एकाच आभाळात विमानं उडवतात आणि त्या आभाळाचा नकाशा फोनवर दिसतो. श्रीकांतने आपल्या विमानाला 'मुलुंड वन' असं नाव दिलं होतं. दुपारी मी फोन उघडायचो, तर मुलुंड वन कोचीकडे निघालेलं असायचं, कधी जयपूर, कधी मस्कत. दुसऱ्या दिवशी मी म्हणायचो, काल झकास उतरवलंस हां. तो नुसता मान हलवायचा. तो लाजतोय असं मला वाटायचं.

तो गेल्यावर महिनाभर मी तो नकाशा उघडला नाही. मग एका दुपारी सहज उघडला... आणि मुलुंड वन हवेत होतं. गोव्याच्या जरा अलीकडे, समुद्रावर. मी चष्मा पुसला, फोन बंद करून परत लावला. विमान पुढे सरकलेलं. संध्याकाळपर्यंत ते मुंबईला परत येऊन उतरलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा निघालं. पहिल्यांदा श्रीकांतच परत आला असं वाटलं, ते नाकारत नाही. पण मी भुताखेतांवरही संशय घेणारा माणूस. मेलेल्या माणसाचं खातं दुसरं कोणीतरी वापरतंय, हे उघड होतं. गाडीमालक वारल्यावर त्याची गाडी भलत्याच माणसाने फिरवावी, असे दावे मी ढिगाने पाहिले होते. मला भयंकर राग आला. आमच्या श्रीच्या नावाने कोण हा हरामखोर उंडारतोय?

माझा संशय सरळ मंदारवर गेला. मंदार म्हणजे श्रीकांतचा भाचा. बोरीवलीला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तेराव्याच्या जेवणानंतर पान खाता खाता तो सुनंदावहिनींना म्हणाला होता, "मामी, तो कॉम्प्युटर मी घेऊन जातो, फॉरमॅट मारून देतो, तुम्हाला कुठे लागतोय." सुनंदावहिनी म्हणजे श्रीकांतची बायको. त्या ताटं उचलत राहिल्या होत्या. मला तेव्हाच ते खटकलं होतं. मी बोरीवली गाठली. दुकानात गिऱ्हाईक असताना विचारलं, "मामाचा पासवर्ड तुझ्याकडे आहे ना?" तो आधी गोंधळला, मग भडकला. "काका, डोकं फिरलंय का तुमचं? मला इथे श्वास घ्यायला टाइम नाही, मी विमानं उडवू? कॉम्प्युटर मामीकडेच आहे. मामीने तर खोलीत पाऊल टाकू दिलं नाही मला." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "जाऊन तिलाच विचारा ना. सारखं दुपारचं दार लावून बसते म्हणे." मी निघालो, पण त्याला निर्दोष सोडला नव्हता. एवढा भडकला म्हणजे काहीतरी असणारच, असंच माझं मत होतं.

चारेक दिवसांनी मुलुंड वन नकाशावरून नाहीसं झालं. आपली चाहूल लागली म्हणून चोराने पोबारा केला, असं मी धरलं, आणि पुरावा गोळा करायला श्रीकांतच्या घरी गेलो. सुनंदावहिनींना सांगितलं, जरा कॉम्प्युटर बघतो. त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. खोली पुसलेली, पडद्यांवर धूळ नाही. मी श्रीकांतच्या सीटवर बसायला गेलो आणि गुडघे दणकन टेबलावर आपटले. सीट पार पुढे ओढलेली होती.

आता अपघातातल्या गाडीत सगळे जण 'मी नव्हतो चालवत' म्हणतात, तेव्हा आम्ही पहिल्यांदा काय बघतो, तर ड्रायव्हरची सीट. किती मागे, किती पुढे. त्यावरून चालवणाऱ्याची उंची कळते. श्रीकांत ताडमाड, माझ्यापेक्षाही उंच. या सीटवर बसून त्याचे पाय टेबलाखाली मावलेच नसते. इतकी वर्षं मी शेजारच्या स्टुलावर बसत आलो, आणि श्रीकांत तर त्या सीटच्या कडेला टेकून, वाकून काम करायचा. मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. मी मागे वळलो. सुनंदावहिनी दारात उभ्या होत्या. जेमतेम माझ्या खांद्याला लागतील एवढ्या.

"वहिनी," मी म्हटलं, "हे तुम्ही...?"

"मग काय मंदार?" त्या म्हणाल्या. "त्याचा फोन आला होता. चांगलाच तापला होता तुमच्यावर."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी स्टुलावरच बसलो. श्रीकांतला विमान नीट उडवताच यायचं नाही. उतरवताना आपटायचाच. त्याला हौस दुरुस्तीची. कधीतरी काहीतरी तपासताना त्याने बायकोला हाक मारली, हा दांडा जरा धरून बस म्हणाला, आणि त्यांनी तो धरला तो धरलाच. विमान बिघडलं की त्याचं, चालायला लागलं की त्यांचं, अशी घरातली वाटणी झाली. त्या आभाळात विमानांना वाट देणारे कंट्रोलरही हौशीच, त्यांच्याशी त्या टाइप करून बोलायच्या, म्हणजे कोणाला आवाज कळायचा प्रश्न नाही. "मला तरी सांगायचं," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही पन्नास प्रश्न विचारले असतेत, भाऊजी. आणि तुम्ही उतरवण्याचं कौतुक केलंत की हे मला येऊन सांगायचे. मला ते बरं वाटायचं. आधी कळलं असतं तर तुम्ही वहिनीचं म्हणून कौतुक केलं असतंत." हे अगदी खरं होतं आणि मला ते लागलं. कोची, जयपूर, मस्कत... मी ज्याच्या हातांना दाद देत होतो ते हात पलीकडे ओट्यापाशी माझा चहा गाळत होते.

पण त्यांना मला वेगळंच सांगायचं होतं. विमानाचा नवीन अपडेट आला होता आणि तेव्हापासून कॉकपिटमधले सगळे पडदे काळे पडले होते. इंजिन चालू, आवाज चालू, पण उंची दिसत नाही, वेग दिसत नाही. "मला उडवता येतं, दुरुस्त करता येत नाही," त्या म्हणाल्या. "मंदारला बोलावलं तर तो सगळं पुसून टाकेल. भाऊजी, दुपार खायला उठते हो. एक ते पाच मी कुठेतरी जाऊन येत होते, तेवढं मला परत करून द्या." त्या रडल्या नाहीत. मी स्टूल टेबलाशी ओढलं.

मी तीन दुपारी तिथे बसलो. श्रीकांतच्या पद्धतीने जोडलेलं सगळं काढलं. नुसतं विमान लावलं, पडदे लख्ख उजळले. म्हणजे चोर काढून ठेवलेल्यांपैकीच कोणीतरी होता. मग एकेक आत घेत गेलो. हवामानाची भर घातली, ठीक. मुंबईचा विमानतळ, ठीक. माझा सगळा संशय मस्कतच्या विमानतळावर होता, ते कोणा अनोळखी माणसाने फुकट वाटलेलं होतं. तेही निर्दोष निघालं. वहिनी मागे सोफ्यावर बसून शेंगा सोलत होत्या आणि प्रत्येक वेळी पडदे उजळले की हात थांबवायच्या. शेवटी एकच फोल्डर उरलं. ते कुठल्या कंपनीचं नव्हतं, श्रीकांतने स्वतः केलेलं होतं. ते आत घातलं, आणि पडदे काळे झाले.

उघडून बघितलं तर त्यात आवाजाच्या छोट्या छोट्या फाइल्स होत्या. विमान जमिनीजवळ यायला लागलं की उरलेली उंची मोठ्याने सांगणारा एक आवाज असतो, चालवणाऱ्याची नजर बाहेर धावपट्टीवर असते म्हणून. तो मूळचा इंग्रजी आवाज काढून श्रीकांतने तिथे स्वतःचा घातला होता. मराठीत. विमानाच्या जुन्या आवृत्तीला तो चालत होता, नव्या अपडेटला चालत नव्हता. जुनी आवृत्ती आता मिळत नव्हती. मी सगळीकडे शोधलं, दोन रात्री झोपलो नाही, कंपनीवरच संशय घेऊन त्यांना इमेलही केला. दोन्ही एकत्र चालण्याचा मार्ग मला सापडला नाही. श्री असता तर त्याला सापडला असता.

"वहिनी, तुम्हाला आधीपासून शंका होती?" मी विचारलं.

"होती."

"मग पहिल्या दिवशीच बोलला का नाहीत?"

त्यांनी शेंगांची टरफलं कागदात गुंडाळली. "दुसरं कोणीतरी निघेल तर बरं, असं वाटत होतं," त्या म्हणाल्या. मी माउसवरचा हात काढून घेतला. मग त्याच म्हणाल्या, "काढा. हे असते तर यांनी पहिल्यांदा स्वतःचंच काढून बघितलं असतं."

मी ते फोल्डर बाहेर काढलं. पुसलं नाही, बाजूला ठेवलं. त्या सीटवर बसल्या, पाय बरोबर पोहोचले. आम्ही गोव्याला गेलो. खाली समुद्र, डावीकडे किनारा, आणि वहिनींचे हात इतके शांत की मला कोणावर संशय घ्यावासाच वाटेना. उतरताना कोणी परका माणूस इंग्रजीत आकडे म्हणू लागला. त्यांच्या भुवया जराशा आक्रसल्या, पण चाकं अलगद टेकली. विमान बाजूला नेऊन उभं केल्यावर त्यांनी इंजिनं बंद केली, आणि मग मी बाजूला ठेवलेलं ते फोल्डर त्यांनीच उघडून पहिल्या फाइलवर बोट दाबलं.

"पन्नास," श्रीकांत म्हणाला. अगदी जवळून, थोडा नाकातून, चहाचा कप हातात असावा तसा. मग "चाळीस." मग "तीस." वहिनी एकेक फाइल लावत होत्या, घाई न करता, विमान खाली येतं त्या वेगाने. "वीस, सुनू, हळू." मग "दहा."

त्याच्यापुढे फाइल नव्हती. दहाच्या खाली हे काही बोलायचेच नाहीत, त्या म्हणाल्या, तिथून पुढे सगळं माझ्यावर सोडायचे.