आईचा डावा पाय

आईचा पाय दुखत होता आणि ती तो माझ्या मित्राला दाखवून आली, हे मला जेवताना कळलं.

तो मित्र आणि मी होमिओपॅथी कॉलेजात एका बाकावर बसायचो. पुढे विश्रांतवाडीत दोघांनीही दवाखाने टाकले. त्याचा चालला. माझा बंद करून मी मेडिकल कोडिंगच्या नोकरीला लागलो. अमेरिकेतल्या डॉक्टरांची टिपणं वाचायची आणि प्रत्येक दुखण्याला ठरलेला कोड लावायचा, म्हणजे तिकडची विमा कंपनी बिल भागवते. माझ्याकडे हाडं, सांधे आणि मुख्यतः पावलं. पाऊल नुसतं दुखत असेल तर एक कोड, त्यातही उजव्याचा वेगळा, डाव्याचा वेगळा. टाचेखालचा पडदा सुजला असेल तर आणखी निराळा. डॉक्टरने आजाराच्या आधी ‘बहुधा’ लिहिलं असेल, तर तो आजार धरायचा नाही; दुखण्याचाच कोड लावायचा. नव्या मुलांना हे मीच शिकवतो. त्यांतल्या एकाही पावलाला माझा हात लागलेला नाही.

मित्रापुढे मात्र लोक न लाजता जीभ काढतात, पाय पुढे करतात. याचा मला हेवा वाटतो. आता त्या लोकांत माझी आईही होती.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू कॉम्प्युटरवर असतोस ना,” आई म्हणाली.

“काय म्हणाला तो?”

“ते म्हणाले, आठवडाभर बघू.”

ते! कॉलेजात असताना हा आमच्याकडे येऊन वाटीवर वाटी शिकरण संपवायचा, तेव्हा आई त्याला “मेल्या, आधी हात धू” म्हणायची.

“सकाळी पहिलं पाऊल टाकताना कळ येते ना?”

“येते की.”

“मग टाचेचा पडदाच सुजलाय. एवढंही कळलं नाही त्याला?”

“त्यांनी पाय हातात घेऊन पाहिला,” आई म्हणाली. “तू आमटी घे.”

लिहायला लाज वाटते, पण त्या आठवड्यात आईचा पाय बरा व्हावा यापेक्षा मी म्हटलं तेच खरं निघावं, अशी माझी इच्छा होती. ती लंगडत स्वयंपाकघरात जायची आणि मी तिची टाच कशी टेकते ते बघायचो. माझ्या बाजूचा पुरावा शोधत.

पुढच्या खेपेला मीच तिला स्कूटरवरून घेऊन गेलो. दवाखान्याबाहेर चपलांचा ढीग होता. माझ्या दवाखान्याबाहेर बहुतेक वेळा माझ्याच चपला असत.

“या काकू. अरे, तूही? आज अमेरिका बंद आहे का?” मित्राने विचारलं.

मी हसलो नाही. “टाचेचा पडदा आहे. इतकी वर्षं प्रॅक्टिस करून तू नुसतं ‘पाय दुखतो’वर थांबलास?”

त्याला राग आला असता तर बरं झालं असतं. “असेलही पडदा,” तो म्हणाला. “पण टाच दाबली तर काकू गप्प बसतात. पुढे बोटांपाशी दाबलं की ओरडतात. मला अजून नक्की कळलेलं नाही रे. कळेपर्यंत पाय दुखतो, एवढंच खरं.”

ऑफिसात कुणी मुलाने एवढ्यावर पडद्याचा कोड लावला असता, तर मी त्याची चूक काढली असती.

“तूच बघ ना,” म्हणत तो स्टुलावरून उठला.

मी बसलो. आईचं डावं पाऊल हातात घेतलं. आजवर त्या पायांशी वाकायचं आणि उठायचं, एवढाच संबंध. टाच खरखरीत होती, कडेला भेगा पडल्या होत्या. ती दाबली, आई गप्प. मग अंगठ्याशेजारच्या बोटाखाली दाबलं, तसा तिने पाय आखडला.

“इथे दुखतं?” मी विचारलं.

आईने माझ्या डोक्यावरून मागे उभ्या मित्राकडे पाहिलं आणि ती म्हणाली, “हो डॉक्टर, तिथेच.”

मी बोट सैल केलं. पाऊल मात्र लगेच खाली ठेवलं नाही.