नळकांड्यातलं वावर

चाळीसगाव स्टेशनवर धुळ्याच्या गाडीसाठी थांबलो होतो. बाकावर शेजारी एक वयस्क अक्का बसल्या होत्या. कंपवातामुळे त्यांचा उजवा हात मांडीवर सारखा थरथरत होता, आणि उचलू म्हटलं तरी उचलला जात नव्हता.

"हात मना शे, पन मनं ऐकस नही," शेजारणीच्या सुनेविषयी सांगावं तशा त्या म्हणाल्या.

अक्का मुंबईच्या एका इस्पितळात एका प्रयोगासाठी जाऊन आल्या होत्या. भल्यामोठ्या नळकांड्यात निजवून मेंदूची चित्रं घेतात. हात हलवायचा नाही, हलवल्याची फक्त कल्पना करायची. जमलं, मेंदूतला हाताचा भाग जागा झाला, की समोरच्या पडद्यावरची पट्टी वर चढते. डॉक्टरीणबाईंनी मूठ मिटल्याची कल्पना करायला सांगितली, तेव्हा पट्टी ढिम्म. मग अक्का मनानेच वावरात गेल्या, कापूस वेचू लागल्या, आणि पट्टी चढत गेली.

"मशीनले बी कपाशी समजनी," अक्का अभिमानाने म्हणाल्या.

अंग निश्चल पडलेलं आणि आत वेचणी चालू, याचं मला फार नवल वाटलं.

मी चहा आणला आणि कप त्यांच्या ओठांशी नेऊ लागलो.

"थांब भाऊ, पह्यले वावरमां जाऊ दे."

त्यांनी डोळे मिटले. मी कप समोर धरून राहिलो. बराच वेळ काहीच झालं नाही. मग हात मांडीवरून सुटला. बोंडाची टोकं बोचू नयेत अशा बेताने बोटं कपाभोवती मिटली. थोडा चहा सांडला, बाकीचा त्या सावकाश प्यायल्या.

डोळे अजून मिटलेलेच होते. वेचणाऱ्या बाया कापूस टाकतात तसा रिकामा कप त्यांनी पदराच्या ओटीत टाकला. समोर आता काहीच नव्हतं. तरी हात पुढच्या बोंडाकडे निघाला होता.