मामाजी मला बघायला फाउंड्रीत आले होते

माझे सासरे, आमचे मामाजी, आज सकाळी गेले.

मुलगी बघायला लोक घरी येतात. मामाजी मला बघायला फाउंड्रीत आले होते.

मी तेव्हा गोंदियाजवळच्या एका स्टील कास्टिंग फाउंड्रीत प्रोसेस इंजिनिअर म्हणून नुकतीच लागले होते. वाळूचा साचा नीट बनला का, स्टील किती गरम हवं, कास्टिंगमध्ये डिफेक्ट का आला, हे बघायचं माझं काम.

नातेवाइकांच्या भाषेत, "पोरगी भट्टीवर काम करते."

स्थळं एवढ्यावरच परत जायची.

मामाजी तिकडच्याच गोरेगावकडचे. धानाची शेती. मध्यस्थाला म्हणाले, "घरी तं कोणाचीबी पोरगी चांगलीच दिसते. काम कशी करते, थे पाहू द्या."

साहेबांची परमिशन काढली. मामाजींना हेल्मेट दिलं, पिवळ्या पट्ट्यामागे उभं केलं.

"काका, याच्या पुढे यायचं नाही."

"हो बाई."

क्रेनला टांगलेल्या लेडलच्या भांड्यातून वितळलेलं स्टील साच्यात पडायला लागलं. आणि साच्याच्या जोडातून ते बाहेर आलं.

जमिनीवर पांढराफट्ट ओघळ. बाजूच्या लाकडी फळीने पेट घेतला.

मी पोरिंग थांबवलं, लेडल वर घ्यायला लावली, पोरांना मागे पिटाळलं.

वळून बघते तर मामाजी पट्टा ओलांडून पुढे. हातात दाराबाहेरची पाण्याची बादली.

शेतकरी माणूस. आग दिसली की पाणी.

"ओ काका! पाणी टाकाल तर सगळे मरू! ठेवा खाली! मागे व्हा!"

नुसती ओरडले नाही. मनगट धरून त्यांना खेचत दारापर्यंत नेलं. सगळ्या स्टाफसमोर.

कोरडी वाळू टाकून आम्ही गळती बंद केली. कुणाला काही झालं नाही.

बाहेर चहा घेताना त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी काऊन नाई?"

"त्याची एकदम वाफ होते काका. ती वाफ स्टील उडवते. आपल्याच अंगावर."

चहा संपवला. मग हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि एसटी पकडायला निघून गेले.

घरी आईला म्हटलं, "गेलं हेपण."

आई रडली. थोडी मीही.

दुसऱ्या दिवशी मध्यस्थांचा फोन आला. मामाजींनी घरी जाऊन मुलाला, नितीनला, सांगितलं होतं,

"मले पोरगी पसंत आहे. तू तिले पसंत पडते का, थे पाय."

नितीन पसंत पडला. 🙂

पुढे हा किस्सा त्यांनीच गावभर केला. आठवडी बाजारात, लग्नाच्या पंगतीत. "सुनेनं मले लग्नाच्या आधीच हाकललं!" मी लाजेने आत पळायची. ते आणखी रंगवून सांगायचे.

मुलगी झाली तेव्हा सगळे म्हणाले, आता नोकरी सोड.

मामाजी म्हणाले, "कायले सोडते? मी आहो ना घरी."

आणि खरंच राहिले. शेतात धान कापणी सुरू असतानाही नातीला मांडीवर घेऊन ओसरीत बसायचे, मी शिफ्टवरून येईपर्यंत.

गेल्या महिन्यात मला प्रोसेस हेड केलं. ते तेव्हा अंथरुणाला लागले होते. कानाशी जाऊन सांगितलं.

"मंग आता केबिनमधी बसून राहशीन?"

"बसावं लागेल थोडं."

"बस. पण भट्टीकडं जात जा. तेथं तू लई चांगली दिसते."

आज फाउंड्रीतली सगळी पोरं आली होती. आळीपाळीने खांदा दिला त्यांनी.

मामाजी, तुमच्या सुनेचा मनापासून नमस्कार.

सावकाश जा.