भर दुपारी हलवलेल्या पेट्या

पाळते मधमाश्या आणि डसते गांधिलीसारखी, म्हणून भाच्यांनी तिचं नाव गांधीलआत्या ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. दिवसभर शर्टांच्या कारखान्यात काजं करायची आणि धाकट्या भावाच्या घरात मागच्या खोलीत राहायचं, अशा बाईला लोक जरा वचकून असलेले बरे.

थंडी नुकतीच ओसरली होती, झाडं फुलली होती. या दिवसांत पेट्यांकडे सारखं बघावं लागतं: राणी अंडी घालते आहे ना, पिलाव्याला, म्हणजे अंड्या-अळ्यांना, जागा पुरते ना. शनिवारी कारखाना लवकर सुटला तशी ती घरी आली आणि प्रत्येक मजल्यावर गुडघ्यांना शिव्या देत गच्चीवर पोचली. बघते तर पेट्या गायब. पेट्या ठेवायचे दोन्ही लाकडी घोडे रिकामे, आणि त्यांच्यावर हवेत माश्यांचा नुसता कल्लोळ. पायांना पिवळा पराग चिकटलेल्या, दमून आलेल्या माश्या घर शोधत गरगरत होत्या. कितीतरी कठड्याला घोसानं लटकल्या होत्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खाली अंगणात भाऊ हात झटकत उभा होता. भिंतीशी दोन्ही पेट्या छान उन्हात मांडलेल्या.

"बघ ताई, सुताराला हाताशी घेऊन खाली आणल्या. आता जिने चढायला नकोत तुला."

"कधी आणल्यास?"

"भर दुपारी, मुद्दाम. निम्म्याअधिक माश्या बाहेर गेलेल्या असतात ना, चावायचं भय कमी." चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणं चाललेलं.

"आणि बाहेर गेलेल्या परत कुठे येणार?"

"इथेच की. पेटी तीच, राणी तीच."

"माशी पेटी लक्षात ठेवत नाही रे, जागा लक्षात ठेवते. सगळ्या वर घिरट्या घालताहेत. जाऊन बघ."

नवी माशी पहिल्यांदा बाहेर पडली की पेटीकडे तोंड करून हेलकावे घेते आणि आपली जागा पाठ करते. मग कितीही लांब जाऊ दे, परत तिथेच उतरते. पेटी हलवायची तर एका वेळी वीतभर, नाहीतर अंधार पडल्यावर दार बंद करून पार दुसऱ्या गावाला. गच्चीवरून अंगणात, तेही दुपारी, म्हणजे घात. ऊन उतरलं की वरच्या माश्या कठड्यावर गारठून मरणार आणि खाली पिलाव्याला ऊब द्यायला मूठभर उरणार. दोन्ही वसाहती हातच्या जाणार होत्या.

"उद्या बघू. सुतार घरी गेला," भाऊ म्हणाला.

"तू आहेस ना? उचल."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं."

हे मात्र त्यानं बोलायला नको होतं. तिच्या भल्यासाठी वडिलांनी तिला शाळेतून काढलं होतं, कारण तिचं डोकं दुखायचं. तिच्या भल्यासाठी आईनं तिला न विचारता, परस्पर, एक चांगलं स्थळ परत पाठवलं. मुलगी फार लांब जाईल म्हणून. एकदा पडली तर याच भावानं तिची सायकल विकून टाकली होती. इतकं भलं झालेली बाई अख्ख्या गल्लीत दुसरी नसेल.

तिनं पेट्यांच्या दारांत फडक्यांचे बोळे कोंबले. जाळीची टोपी एकच होती. ती तिनं स्वतः घातली. मोकळ्या तोंडानं भाऊ पुढे, ती मागे, अशा एकेक करून दोन्ही पेट्या वर गेल्या. तिसऱ्या मजल्यावर त्याच्या कानाला माशी डसली. तिला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

पेट्या घोड्यांवर टेकल्या, बोळे निघाले, आणि कठड्यावरचे घोस सुटू लागले. दिवेलागणीपर्यंत माश्या रांग लावून आत शिरत होत्या. खाली पडलेल्या काही हलल्याच नाहीत. त्या तिनं सुपलीत भरल्या.

"पण ताई, तुझ्या गुडघ्यांचं काय?" सुजलेला कान धरून भाऊ म्हणाला.

"गुडघे माझे आहेत. त्यांचं काय करायचं ते मला विचारायचं."

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ती टोपी घालून पिलाव्याच्या चौकटी तपासत होती. बहुतेक पिलावा वाचला होता. जिन्यातून भावाचा आवाज आला.

"ताई, वर येऊ का मदतीला?"

"नको."

एक पाय गच्चीत टाकलेला त्यानं मागे घेतला. "बरं," म्हणाला आणि खाली गेला.

ती चौकट हातात धरून उभीच राहिली. आजवर तिचं 'नको' असं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. एवढंसं तर करायचं होतं सगळ्यांनी! आणि तेवढ्यावाचून तिचं अख्खं आयुष्य गेलं. तिला असा संताप आला की डोळे भरून आले, आणि जाळीमुळे ते पुसताही येईनात.